ग्रिमलॉकची कुळकथा : दुकानातला डायनासोर आणि वरोऱ्याचा डायनासोर

१/ मुळशी तालुक्यातील घोटावडे. पुण्याच्या पश्चिमेला, पिरंगुट आणि हिंजवडीच्या परिसरातले गाव. येथे विहीर खणा, घराचा पाया घ्या किंवा रस्त्यासाठी टेकडी फोडा, खाली लागतो तो काळा कातळच. हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. डायनासोर पृथ्वीवरून नाहीसे झाले, तोही नेमका हाच काळ. (थ्रेड)

२/ उकळत्या लाव्हात हाडे टिकत नाहीत. त्यामुळे घोटावड्याच्या जमिनीतून डायनासोर निघण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. येथील मुलाच्या हाती डायनासोर येतो तो दुकानातून, प्लास्टिकचा. त्यातही विशेष ओढ असते ती दोन रूपांच्या डायनासोरची. मान मुडपली, शेपूट उलगडली, की समोर रोबो उभा.

३/ या जातीतला सर्वांत नामांकित म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला ग्रिमलॉक. जुना, मूळ खोक्यातला ग्रिमलॉक मिळावा म्हणून संग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहतात. गंमत अशी, की हे खेळणे प्रथम तयार झाले तेव्हा त्याला ग्रिमलॉक हे नाव नव्हते. त्याला स्वतःचा जीवही नव्हता. ते एक यंत्र होते आणि ते चालवायला आत माणूस बसत असे.

४/ त्याची कुळकथा मात्र डायनासोरपासून सुरू होत नाही, रोबोपासूनही नाही. ती सुरू होते एका सैनिक-बाहुल्यापासून. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो या कंपनीने ‘जी. आय. जो’ बाजारात आणला. मुलगे बाहुली घेणार नाहीत अशी धास्ती होती. म्हणून ‘बाहुली’ हा शब्द टाळून ‘ॲक्शन फिगर’ असा नवा शब्द रूढ करण्यात आला. वस्तू तीच, नाव बदलले आणि गिऱ्हाईक बदलले. या कुळात पुढे हेच वारंवार घडणार होते.

५/ जपानमध्ये या सैनिकाचा परवाना घेतला ताकारा कंपनीने. १९५५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी तोवर ‘लिक्का’ या बाहुलीमुळे घरोघरी पोहोचली होती. पण दुसऱ्या महायुद्धात पराभूत झालेल्या देशातल्या मुलांना अमेरिकी सैनिकाचे फारसे कौतुक वाटेना. ताकाराने १९७२ मध्ये त्याच अंगाचा साचा घेऊन शरीर पारदर्शक केले, आत यंत्रे दाखवली आणि त्याला ‘हेन्शिन सायबॉर्ग’ म्हणून विकले. ‘हेन्शिन’ म्हणजे रूपांतर. सैनिकाचा अर्धयंत्रमानव झाला.

६/ मग आले १९७३ चे तेलसंकट. प्लास्टिक तेलापासून होते, आणि तेलाचे भाव भडकले की बाहुलाही महागतो. ताकाराने उपाय काढला तो आकार घटवण्याचा. फूटभर उंचीचा सायबॉर्ग १९७४ मध्ये जेमतेम १० सेंटीमीटरचा ‘मायक्रोमॅन’ झाला. पश्चिम आशियातल्या युद्धाचा परिणाम टोकियोतल्या खेळण्याच्या उंचीवर इतका थेट झाला. इकडे अमेरिकेतही मोठा जी. आय. जो त्याच दशकात बंद पडला. १९८२ मध्ये तो परतला, तेव्हा त्याचीही उंची साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास आली होती.

७/ माणूस लहान झाला की त्याच्यासाठी वाहन करता येते. हे कारागिरीचे साधे गणित. १९८० मध्ये ताकाराने ‘डायक्लोन’ ही मालिका काढली. तीत चालक आणखी लहान, सुमारे ३ सेंटीमीटरचा, पायात लोहचुंबक बसवलेला. त्याला बसायला मोठी यंत्रे. १९८२ पासून या मालिकेत खऱ्याखुऱ्या मोटारींच्या बरहुकूम प्रतिकृती आल्या आणि त्या उलगडून रोबो होऊ लागल्या. १९८३ मध्ये मायक्रोमॅनच्या शाखेत टेपरेकॉर्डर, पिस्तूल, सूक्ष्मदर्शक अशा घरगुती वस्तूंचे रोबो निघाले.

८/ आणि १९८४ मध्ये डायक्लोनमध्ये आले ‘डायनासोर रोबो’. पाच जण: टिरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, ब्राँटोसॉरस, स्टेगोसॉरस आणि टेरॅनोडॉन. करडे प्लास्टिक, ओतीव धातूचे भाग, त्यावर सोनेरी-रुपेरी चकचकीत मुलामा. टिरॅनोसॉरसच्या शेपटीच्या भागातून रोबोचे पाय निघतात आणि डायनासोरचे डोके मागे पाठीवर जाते. चालकाची जागा प्रत्येकात राखलेली.

९/ ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. १९५४ च्या ‘गॉडझिला’पासून जपानी मुलांना अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याची सवय होती. १९७२ च्या ‘माझिंगर झेड’पासून रोबोच्या डोक्यात बसून त्याला चालवणाऱ्या नायकाचीही होती. १९८३ मध्ये तोमी या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘झोइड्स’ ही चावीवर वा बॅटरीवर चालणाऱ्या यांत्रिक प्राण्यांची मालिका जपानच्या बाजारात उतरवली होती. ताकाराने या सगळ्या ओढी एकाच वस्तूत घातल्या. (पुढे २००६ मध्ये ताकारा आणि तोमी या दोन कंपन्याच एक झाल्या.)

१०/ आता या कथेत हेन्री ओरेनस्टाइन हा गृहस्थ प्रवेश करतो. जन्म १९२३, पोलंडमधील ह्रुबिएशोव. ज्यू असल्यामुळे नाझींच्या एकामागून एक छळछावण्यांत तो टाकला गेला. छावणीत शास्त्रज्ञांची यादी मागवली गेली, तेव्हा शास्त्रज्ञ नसताना त्याने आपले नाव दिले आणि त्या नावापायी तो जगला. युद्धानंतर अमेरिकेत येऊन तो खेळण्यांचा संशोधक झाला. ताकाराची बदलती खेळणी पाहिल्यावर त्यानेच हॅस्ब्रोला ती घेण्यासाठी गळ घातली. हॅस्ब्रो म्हणजे हासेनफेल्ड बंधू. तेही पोलंडमधून स्थलांतरित झालेले ज्यू कुटुंब.

११/ हॅस्ब्रोने डायक्लोन आणि मायक्रोमॅनच्या वेगवेगळ्या साच्यांतली खेळणी उचलली, एका पेटीत भरली आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’ असे एकच नाव दिले. मोठा बदल एकच केला. चालक काढून टाकला. अमेरिकेत ही यंत्रे कोणी चालवत नव्हते. ती स्वतः विचार करणारी, परग्रहावरची जिवंत जमात ठरली.

१२/ हा बदल कागदावर झाला, साच्यात नाही. नवा साचा करणे अतिशय खर्चाचे असते. नवी कथा लिहिणे त्यामानाने स्वस्त. म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या डायनासोरांमध्येही चालकाची रिकामी बैठक तशीच राहिली. जुन्या वाड्यात दिवा ठेवण्याचा कोनाडा विजेनंतरही राहतो, तशी. त्या बैठकीत कोण बसायचे, हा प्रश्न अनेक मुलांना पडला असणार. खोक्यात त्याचे उत्तर नव्हते.

१३/ कथा लिहिण्याचे काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेले. जिम शूटरने मूळ आराखडा केला आणि बॉब बुडियान्स्कीने बहुतेक पात्रांना नावे व स्वभाव दिले. त्यात टिरॅनोसॉरस झाला ग्रिमलॉक, आणि बाकीचे स्लॅग, स्लज, स्नार्ल व स्वूप. पाचांचे मिळून नाव ‘डायनोबॉट्स’. बलदंड, तापट, तोडकेमोडके बोलणारा आणि पुढाऱ्याचे न ऐकणारा ग्रिमलॉक मुलांना विशेष भावला.

१४/ कथा दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिली गेली. दूरचित्रवाणीवरच्या मालिकेत रोबोंना त्यांच्या तळाजवळ डायनासोरची हाडे सापडतात आणि त्यावरून ते डायनोबॉट्स घडवतात. कॉमिकमध्ये मात्र लाखो वर्षांपूर्वी यानाचा संगणक पाच जुन्याच रोबोंना तेथील प्राण्यांची रूपे देतो. इतिहासाच्या अभ्यासकांना हे ओळखीचे वाटेल. एकाच घराण्याच्या दोन बखरी, आणि दोन्ही दरबारी.

१५/ दरबारी म्हणायचे कारण अमेरिकेतल्या कायद्यात आहे. १९८४ मध्ये तेथील संदेशवहन आयोगाने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठवली. खेळण्यावर आधारलेली संपूर्ण मालिका, म्हणजे खरे तर अर्ध्या तासाची जाहिरात, दाखवणे सोपे झाले. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची मालिका सुरू झाली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर पुन्हा मर्यादा घालणारा कायदा यायला १९९० उजाडले. तोवर एक पिढी ग्रिमलॉकला ओळखू लागली होती.

१६/ सर्वांत मजेदार वळण जपानमध्येच आले. अमेरिकेतले यश पाहून ताकाराने आपली डायक्लोन मालिका गुंडाळली आणि १९८५ मध्ये स्वतःचीच खेळणी अमेरिकी कथेसह ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून मायदेशी विकायला सुरुवात केली. निर्यात केलेला माल नवे नाव घेऊन माहेरी आला. याची एक खूण राहून गेली. पडद्यावरच्या स्वूपची छाती निळी आहे, ती डायक्लोनच्या जुन्या रंगावरून. दुकानातल्या स्वूपची छाती तांबडी.

१७/ अशा खुणांवरच संग्राहकांचा व्यवहार चालतो. नाण्यांच्या अभ्यासकाला शिवराईवरची अक्षरे, वजन आणि टांकसाळ पाहावी लागते, येथेही तसेच. अंगावर कोरलेले साल बहुधा साच्याचे असते, विक्रीचे नव्हे. धातूच्या जागी प्लास्टिक आले असेल तर छपाई उत्तरकालीन. आणि मूळ वस्तूवरून पुन्हा साचा काढून केलेली नक्कल किंचित लहान भरते, कारण प्लास्टिक थंड होताना आकसते. मोजपट्टी खोटेपणा पकडते.

१८/ या काळात महाराष्ट्रात काय होते? १९८० च्या दशकात परदेशी खेळणी आयात करण्यास जवळपास बंदीच होती. असे खेळणे यायचे ते आखातातून वा अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या बाजारातला ‘फॉरेनचा माल’ म्हणून. रोबोची ओळख मात्र दूरदर्शनने करून दिली होती. जपानी ‘जायंट रोबोट’ ही मालिका १९६० च्या दशकातली. येथील मुलांनी ती पाहिली १९८० च्या दशकात. डायनासोरची गोडी सर्वत्र पसरली ती ‘ज्युरासिक पार्क’मुळे. १९९४ मध्ये तो हिंदीत भाषांतरित होऊन आला. मराठीत तयार असलेला ‘भीमसरट’ हा सुंदर शब्द मात्र त्या लाटेत मागेच पडला.

१९/ परदेशी कंपनीला भारतात विकायचे असेल तर येथेच बनवणे हा राजमार्ग होता. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी सुरू झाली आणि तिचा कारखाना निघाला गोव्यात. तेथे जी. आय. जोचे लहान सैनिक बनू लागले. अमेरिकेत वापरून झालेले साचे येथे येत आणि रंग येथे ठरत. त्यामुळे काही सैनिकांचे गणवेश असे विलक्षण रंगीत झाले, की आज परदेशी संग्राहक तेच शोधत असतात.

२०/ म्हणजे ज्या बाहुल्यापासून सायबॉर्ग झाला, सायबॉर्गपासून मायक्रोमॅन, आणि ज्या परंपरेत पुढे डायनासोर रोबो आला, तो आजोबा पंचवीसेक वर्षांनी, उंची घटवून, कोकणच्या दाराशी येऊन कामाला लागला होता. नातू ग्रिमलॉकची सर्रास ये-जा सुरू व्हायला मात्र १ एप्रिल २००१ उजाडावा लागला. त्या दिवशी भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठवले. चिनी बनावटीचा माल आला, अस्सल आणि नकली दोन्ही.

२१/ ग्रिमलॉककडे आता जरा जीवाश्मशास्त्राच्या नजरेने पाहावे. तो ताठ उभा राहतो आणि शेपूट जमिनीला टेकवतो. ही जुन्या संग्रहालयांतली ढब. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रमने डायनोनिकसचे वर्णन केले, १९७५ मध्ये रॉबर्ट बॅकरने चपळ डायनासोरांची बाजू मांडली, आणि शेपूट हवेत तोलून धरणारा आडवा डायनासोर शास्त्रात रुजू लागला. खेळणे बाजारात आले तेव्हाच त्याची ढब मागच्या पिढीची होती. मात्र धातूच्या वजनाने जड झालेल्या वस्तूला शेपटीचा टेकू लागतो, हेही तितकेच खरे.

२२/ बाकीच्यांचीही तीच गत. टेरॅनोडॉन हा डायनासोर नव्हेच. तो उडणाऱ्या सरीसृपांच्या वेगळ्या गटातला. स्टेगोसॉरस आणि टिरॅनोसॉरस यांच्यात सुमारे ८ कोटी वर्षांचे अंतर. टिरॅनोसॉरस काळाच्या दृष्टीने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे. ‘ब्राँटोसॉरस’ हे नाव तर शास्त्राने १९०३ मध्येच रद्द केले होते. खेळण्यांनी ते जिवंत ठेवले आणि २०१५ च्या एका अभ्यासाने ते पुन्हा वैध ठरवले. या एका बाबतीत दुकानदार जिंकले.

२३/ आणि येथेच महाराष्ट्राचा खरा डायनासोर कथेत येतो. डायक्लोनचे डायनासोर टोकियोत विकायला लागले ते १९८४ मध्ये, अमेरिकेत १९८५ मध्ये. नेमक्या त्याच काळात, १९८४ ते १९८६ दरम्यान, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर भारतीय सांख्यिकी संस्थेचे संशोधक एका प्रचंड प्राण्याची हाडे जमिनीतून काढत होते. घोटाळा करणारा लाव्हा तेथे नव्हता. हाडे होती ती लाव्हाच्या आधी साचलेल्या गाळाच्या खडकात, ज्याला भूशास्त्रात ‘लमेटा’ थर म्हणतात.

२४/ सांख्यिकी संस्थेने हाडे का काढावीत? कारण संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कोणतेच मोजमाप परके वाटत नसे. १९५० च्या दशकात त्यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांच्या मदतीने संस्थेत भूशास्त्राचा विभाग उभारला. या विभागाने गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातून, आताच्या तेलंगणात, बॅरापासॉरस हा जुना डायनासोर बाहेर काढला. शोधकार्याच्या काळात रवींद्रनाथांची जन्मशताब्दी आली, म्हणून त्याच्या नावात ‘टागोराय’ आले. ‘बॅरापा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय.

२५/ त्याआधीही भारतात हाडे सापडत होतीच. पहिली सापडली ती १८२८ मध्ये जबलपूरला, आणि शोधणारा होता कॅप्टन स्लीमन. होय, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच. ‘डायनासोर’ हा शब्द घडायला तेव्हा अजून १४ वर्षे अवकाश होता. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर याने त्या हाडांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले.

२६/ डोंगरगावच्या प्राण्याचे वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. नाव दिले ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’. पण २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी दाखवले, की लिडेकरने सांगितलेली टायटॅनोसॉरसची लक्षणे अनेक प्राण्यांत आढळतात. ते नाव कोणा एकाला लावता येत नाही. डोंगरगावच्या प्राण्याला नवे नाव हवे होते. ते झाले ‘इसिसॉरस’. साचा तोच, नाव बदलले, येथेही.

२७/ लांबी अंदाजे १८ मीटर. मान या कुळाच्या मानाने आखूड व जाड, पुढचे पाय लांब. खेळण्यांतल्या ठोकळेबाज ब्राँटोसॉरसशी त्याचा घाट जुळत नाही. शेजारच्याच पिसदुरा येथे डायनासोरांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात, आणि २००५ मध्ये त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे जाहीर झाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हते, असे तोवर पाठ्यपुस्तके सांगत. वरोरा परिसरातल्या शेणाने ती दुरुस्त करायला लावली. जगभरच्या पुस्तकांवर एवढा परिणाम करणाऱ्या या परिसरातल्या प्राण्याचे मोडून रोबो होणारे खेळणे मात्र घोटावड्याच्या दुकानात दिसत नाही, आणि चंद्रपूरच्याही नाही.

२८/ अलीकडे खेळण्यांवरचे दरवाजे पुन्हा अरुंद झाले. २०२० मध्ये खेळण्यांवरील सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर ‘आयएसआय’चा शिक्का सक्तीचा झाला. घोटावड्यातल्या मुलाने डायनासोर होणारा रोबो घेतला, तर त्याच्या खोक्यावर ही तीन अक्षरे असायला हवीत.

२९/ इसिसॉरसच्या नावातही तीच तीन अक्षरे आहेत, पण संस्था निराळी. खोक्यावरचा शिक्का जुन्या भारतीय मानक संस्थेचा. १९८७ मध्ये तिची जागा मानक ब्यूरोने घेतली, शिक्का राहिला. डायनासोरच्या नावातली अक्षरे भारतीय सांख्यिकी संस्थेची. डोंगरगावची हाडे तिच्याच संग्रहात ‘आयएसआय आर ३३५’ या क्रमांकाने नोंदलेली आहेत.